बसवलेल्या दाताचा फोटो

आणि वर मला म्हणते कशी, "काकी, मानेपासून वर धातूचं जे काही असेल ते सगळं काढून ठेवा." गोड आवाजात हं, कुडाळच्या त्या फोटो काढायच्या सेंटरातली मुलगी ती, अपेक्षा तिचं नाव, पांढरा कोट, हसरा चेहरा, काही म्हणून वाईट बोलली नाही… पण मानेपासून वर माझं काय काय आहे ते तुम्हीच बघा आता. नाकात फुली, कानात कुड्या, अंबाड्यात आकडे, गळ्यात मंगळसूत्र, आणि तोंडात तो स्क्रू, ज्याच्यापायी मी तिथवर गेले. म्हटलं, बाय, बाकीचं काढते, पण स्क्रू काही निघायचा नाही, तो निघाला असता तर मी तुझ्या दारात कशाला उभी राहिले असते? सगळं एका दातापायी. आणि दात तरी माझा होता काय? बसवलेला!

तुम्ही जेवा, जेवा, हात थांबवू नका. जेवणाऱ्या माणसासमोर दातांचं बोलू नये म्हणतात, पण तुम्ही विचारलंत "मावशी, तुम्ही एकाच बाजूनं का चावता", मग आता ऐका. तुम्ही कोल्हापूरकडचे ना? म्हणून तुमच्यासारखं बोलतेय. मालवणीत सुरू केलं तर नुसत्या माना हलवाल आणि उद्या जाताना एकमेकांना विचाराल, बाई काय सांगत होती. ह्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायचं आमच्या सुनेनं काढलं, आकांक्षानं, मी आपली सकाळी बाजारात मासे विकते. मालवणच्या मासळी बाजारात कुणालाही विचारा, शेवंती कुठं बसते? ते म्हणतील, आवाजाच्या दिशेनं जा. तर ज्या बाईचं पोट तोंडावर चालतं, तिच्या तोंडात बिघाड झाला म्हणजे काय झालं, तुमच्या लक्षात येईल.

मूळ दात कुर्लीनं नेला. मोठी कुर्ली होती, तुम्ही खेकडा म्हणता ती, तिचा डांगा, म्हणजे नांगी, दाताखाली धरला, फोडला, तर आधी दात फुटला आणि डांगा तसाच. मग आमच्या डॉक्टरबाईंनी, प्राजक्ता डॉक्टर, इथंच मालवणात दवाखाना, त्यांनी तो काढला आणि हाडात स्क्रू बसवला. खरोखरीचा स्क्रू, मळसूत्राचा. माती झाडाला धरते तसं म्हणे हाड त्याला धरून ठेवतं, आणि मग वर दाताच्या रंगाची कॅप चिकटवतात. मला पटलं नव्हतं. पण बसला! असा बसला की मी विसरून गेले कुठला देवानं दिलाय आणि कुठला डॉक्टरनं. दोनेक वर्षं त्यानं इतकं खाल्लं की बाकीच्या दातांना लाज वाटावी.

आणि मग गेल्या पावसाळ्यानंतर त्या स्क्रूच्या भोवतीची हिरडी सुजायला लागली. आधी थोडी, मग घासताना रक्त, मग तोंडात सकाळी अशी चव की आपलीच आपल्याला शिसारी यावी. मी कुणाला सांगितलं नाही. कोमट पाणी, मीठ, हळद, लवंग, सगळं करून झालं. आता मी एवढी बोलणारी बाई, आणि हेच का सांगितलं नाही? त्याला कारण आहे, सांगते पुढं. तर मी नाही बोलले, पण आमचे हे, सहदेव, तुम्ही आलात तेव्हा गेट उघडलं ते, दिवसभरात चार शब्द बोलतील तर शपथ, पण बघत असतात. एक दिवस जेवताना म्हणाले, "तू उजवेकडना चावणस नाय." बस्स, एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेले.

डॉक्टरबाईंनी बघितलं, हिरडी दाबली, रक्त आलं, थोडा पू आला. मग तोंडात एक छोटीशी पट्टी धरायला देऊन फोटो काढला. तो स्क्रीनवर लावून बघत राहिल्या. बोलेनात. तुम्हाला सांगते, डॉक्टर बोलत असला ना की बरं असतं, कितीही कठीण शब्द वापरू दे. गप्प झाला की समजायचं, आपलं काहीतरी आहे. शेवटी म्हणाल्या, "काकी, पू आलाय म्हणजे स्क्रूच्या भोवतीचं हाड कुठंतरी कमी झालं असणार. पण हा फोटो सपाट आहे. ह्यात स्क्रूच्या पुढचं-मागचं हाड दिसतं. गालाकडचं आणि जिभेकडचं हाड स्क्रूच्याच आड जातं." म्हणजे कसं, किनाऱ्यावरून नांगरलेली होडी बघितली तर तिची अलीकडची बाजू दिसते, पलीकडून तिला भोक पडलंय की काय ते कसं दिसणार? तसं. म्हणून कुडाळला जाऊन चहूबाजूंनी फोटो काढायचा, मशीन डोक्याभोवती फिरतं म्हणे. खड्डा किती आहे, कुठल्या बाजूला आहे ते कळल्याशिवाय मी हात लावणार नाही, म्हणाल्या. स्क्रू राहील की काढावा लागेल, तेही त्यावरच.

बरोबर बोलल्या हो त्या. पण मी त्यातलं एकच ऐकलं. हाड.

आता ते कारण. माझी आई जबड्यानंच गेली. मिश्री लावायची, आमच्याकडे त्या काळी सगळ्याच बायका लावायच्या, बाजारात बसायच्या आधी आणि उठल्यावर. तिलाही आधी हिरडीच सुजली. दाढ असेल, म्हणून वेळ काढला, पाला लावला, अंगारा लावला. डॉक्टरकडे नेली तेव्हा त्यानंही "हाड" म्हटलं होतं. पुढं तिचा अर्धा जबडा काढला. बाजारात जिचा आवाज धक्क्यावर ऐकू यायचा, ती शेवटी खुणेनं पेज मागायची, आणि ती पेजही एका बाजूनं सांडायची, मी पदरानं पुसायची. म्हणून मी बोलले नव्हते. बोललं की खरं होतं असं वाटतं माणसाला. म्हणून मी डॉक्टरबाईंनाही विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा शेवंती दवाखान्यातून प्रश्न न विचारता बाहेर पडली.

घरी आले तर आमच्या नणंदबाई हजर, किशोरी वन्स. त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. मनानं चांगल्या, कुणाचं दुखलंखुपलं की पहिल्या धावतील, पण हातात भाजी असते आणि तोंडात मयत. "वैनी, हाडात गेला म्हणजे बरा नाय हां. तळेऱ्याच्या मावशीक असाच झाल्ला." मावशीचं काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलंच. मग शेजारणी आल्या. एक म्हणाली त्या मशीननं केस जातात. दुसरी म्हणाली केस जात नाहीत, बुद्धी जाते. तिसरीनं सांगितलं, स्क्रू सैल झाला की झोपेत गिळला जातो आणि आतड्यात फिरत राहतो. बाजारात तर गिऱ्हाईकं सुरमईच्या आधी दाताची चौकशी करायला लागली. दात माझा नाही, बसवलेला, पण चर्चा बघाल तर एखाद्या पुढाऱ्याला होत नाही एवढी. आकांक्षानं सगळ्यांना चहा दिला आणि चहा संपल्यावर दाराशी उभी राहिली, म्हणजे सगळ्या उठल्या. चांगली आहे हो सून माझी.

तर कुडाळ. मी आणि हे, सकाळची एसटी. नेमका आठवड्याचा बाजार, स्टँडपासून पाय ठेवायला जागा नाही. सेंटर शोधलं, आत गेलो, थंडगार खोली, आणि तिथं ही अपेक्षा. मानेपासून वर सगळं काढा. म्हटलं, हातातल्या बांगड्या? नको, राहू देत. पायातली जोडवी? ती हसली, म्हणाली, काकी, फोटो दाताचा आहे. बरं. आकडे काढले, अंबाडा सुटला. फुली बरीच ओढाओढ करून निघाली, डोळ्यांतून पाणी आलं. आणि कुड्या? कुड्या निघेनात. फिरकी जाम. तिनं प्रयत्न केला, मी केला, ह्यांनी केला, माझा कान ओढून ओढून बांगड्यासारखा लांब झाला. पण निघणार कशा? माझ्या आईच्या त्या. थोरल्या मुलाच्या बारशाला तिनं आपल्या कानांतून काढून माझ्या कानांत घातल्या, तेव्हापासून कधी काढल्याच नव्हत्या. खारा वारा, खोबरेल, घाम, सगळं त्या फिरकीत जाऊन बसलेलं. म्हटलं, राहू दे गो कानात, कान कुठं, दात कुठं. तर नाही. कानात धातू असला की फोटोत रेघा येतात, आणि नेमकं बघायचं असतं ते त्या रेघांत हरवतं. समजावून सांगितलं तिनं, उगाच नाही अडवलं.

मग बाजारात सोनार शोधायला. मी केस मोकळे सोडलेली, नाक उघडं, कान लाल, आणि हे पुढं गर्दीतून वाट काढतायत. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून देवाला हात जोडले, तर पहिल्याच वळणावर आमच्याकडून सुकी मासळी नेणारी बाई भेटली. तिनं बघितलं आणि घाबरून विचारलंसुद्धा नाही. सोनार म्हातारा, भिंग लावून बसलेला. म्हणाला, कापून देतो, एका मिनिटाचं काम. मी म्हटलं, कापायच्या नाहीत. तो म्हणाला, मग वेळ जाईल. म्हटलं, जाऊ दे. मी त्याला कारण सांगितलं नाही, तरी त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि आतून तेलाची बाटली आणली. थेंब टाकायचा, थांबायचं, चिमट्यानं एक वळसा, परत थेंब. दुकानात गिऱ्हाईकं येऊन उभी राहिली, त्यानं त्यांना बसायला सांगितलं. दोन्ही कुड्या अख्ख्या निघाल्या. तळहातावर ठेवल्या त्यानं, आणि मला एकदम आईचा कान आठवला, कुड्या काढल्यानंतरचा, रिकामा… जाऊ दे. वाढू का भात? घ्या.

परत सेंटरात. आता राहिलं मंगळसूत्र. काढायला हात वर जाईना. शिकलेल्या बायका म्हणतील काय वेड आहे, मीही दुसऱ्या कुणाला तेच म्हटलं असतं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात आधीच नको नको ते, त्यात हे काढायचं म्हणजे… ह्यांनी बघितलं. हात पुढं केला. "दी हय. मी हय जिवंत बसलंय."

दिलं. आत गेले.

तुम्हाला सांगते, अंगावर शिशाचा झगा घातला, ओलं जाळं खांद्यावर टाकल्यासारखा जड. हनुवटी एका पट्टीवर, दातात एक काडी, डोक्याला दोन्ही बाजूंनी टेकू. अपेक्षा म्हणाली, "आता अजिबात हलायचं नाही, बोलायचं नाही, गिळायचंसुद्धा नाही. थोडाच वेळ." आणि गेली काचेपलीकडे. मशीन निघालं फिरायला. घूं… करत कानामागून गेलं, समोरून आलं. मी दगड. आणि नेमकं त्याच वेळी ती माइकवरून विचारते, "ठीक आहात ना काकी?" आता माणसानं विचारलं तर उत्तर द्यायचं नाही? असं कुठं शिकवलंय? मी म्हटलं, "ठीक आसंय गो, तू कर तुझा काम."

फोटो हलला.

बाहेर येऊन बघते तर माझ्या जबड्याला दोन-दोन कडा, जसं हलत्या पाण्यात चांदणं. तिनं डोक्याला हात लावला, मग म्हणाली चूक माझीच, मी विचारायला नको होतं. परत झगा, परत काडी. ह्या वेळी मी डोळे मिटले आणि मनात आमच्या ग्रामदेवाला, रवळनाथाला, गाऱ्हाणं घातलं, अख्खं, बारा-पाचाच्या मेळ्यातल्या सगळ्या देवांसकट, पण ओठ हलू दिले नाहीत. आणि हे सगळं कुणासाठी? बसवलेल्या दातासाठी!

बाहेर आले तर ह्यांच्यासमोरच्या बाकावर दोन बायका तोंडाला पदर लावून बसलेल्या. का, तर ह्यांच्या शर्टाच्या कॉलरमधून काळे मणी दिसतायत. अहो, ह्यांनी माझं मंगळसूत्र स्वतःच्या गळ्यात घातलेलं! मिशीवाला माणूस, गळ्यात दोन वाट्या. म्हटलं, हे काय? म्हणाले, "बाजाराचो दिवस. खिशापेक्षा गळो बरो." आणि तितक्याच शांतपणे काढून माझ्या हातात दिलं. त्या दोघी शेवटी हसल्याच, अपेक्षा हसली, मीही हसले. तेवढंच काय ते हसणं त्या दिवसात.

कारण मग मी स्क्रीनवर बघितलं. बघायला नको होतं. ती सीडी तयार करत होती आणि समोर माझा जबडा, कापलेल्या कलिंगडासारखा, आडवा, उभा, हवा तसा फिरवतेय. मधोमध स्क्रू, पांढराशुभ्र, चमकणारा. आणि त्याच्या दोन्ही कडांना काळं. दाट काळं, पट्टेच्या पट्टे. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, ते मी नाही सांगू शकत, ते डॉक्टरच सांगतील. बरोबरच आहे, तिचं ते काम नव्हे. पण मला वाटलं, सांगण्यासारखं नाही म्हणून सांगत नाही. हाड पांढरं असतं एवढं मला कळत होतं. आणि जिथं पांढरं हवं तिथं काळं होतं. झालं, म्हटलं. आईचंच माझ्या वाट्याला आलं.

एसटीत खिडकीशी बसले. सीडी मांडीवर, कुड्या रुमालात. बाजाराच्या बायका टोपल्या घेऊन चढल्या, ओळखीची एक "काय शेवंती" म्हणाली, मी नुसती मान हलवली. बस सुटली, नदीवरचा पूल गेला, मी गप्प. आणि मग आमच्या ह्यांचा आवाज. खाली मान घालून, माझ्याकडे न बघता.

"तू बोल काय तरी. माका भय वाटता."

इतक्या वर्षांत हा माणूस वादळात होडी घेऊन गेलाय, इंजिन बंद पडून रात्रभर समुद्रात राहिलाय, कधी भय वाटलं म्हणाला नाही. मी म्हटलं, माझ्या आईसारखं झालं तर? हे म्हणाले, "तुझ्या आवशीचा कोणी वेळेर बघूकच नाय. तुझा बघतत." आणि माझ्या मांडीवरची सीडी उचलून आपल्या मांडीवर घेतली, जशी काही ती जड होती.

मी रडले, हो. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून बघितलं. म्हटलं, बघ, बघ, फुकट आहे.

घरी न जाता थेट दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाई निघायच्या बेतात होत्या, परत बसल्या. सीडी लावली. परत तोच जबडा, तेच काळे पट्टे. मी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि म्हटलं, आता विचारायचं. "डॉक्टर, माझ्या आईला जबड्याचा कॅन्सर होता. हे काळं तसलं आहे काय?"

त्यांनी माउस सोडला. माझ्याकडे वळल्या. "हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" म्हणाल्या, रागानं नाही. मग ते काळे पट्टे बोटानं दाखवले. "काकी, हे हाड गेल्याचं काळं नाही. ही धातूची सावली आहे. स्क्रूतून किरण नीट आरपार जात नाहीत, मग मशीन त्याच्या कडेला असे काळे पट्टे दाखवतं, तिथं हाड असलं तरी." आणि माझ्या डोळ्यांत दिसलं असेल की मला धीर द्यायला सांगतायत असं मला वाटतंय, म्हणून त्यांनी तो पहिला छोटा सपाट फोटो काढून शेजारी लावला. म्हणाल्या, बघा, मशीन जिथं काळं दाखवतंय त्यातली ही जागा, पुढची, इथं ह्या फोटोत हाड पांढरं आहे, स्क्रूला चिकटलेलं. खरंच हाड गेलं असतं तर ह्याच्यातही काळं दिसलं असतं. ही मागची जागा, इथंही हाड आहे. एकच फोटो बघून बोलायचं नाही, दोन्ही शेजारी ठेवायचे, आणि शिवाय तोंडात बघायचं. मग एक बारीक खुणा केलेली सळई घेतली आणि स्क्रूच्या भोवती हिरडीत हळूहळू घालून बघितली. पुढं, मागं, जिभेकडून, थोडीशी जाऊन थांबायची. गालाकडून मात्र खोल गेली. मी कळवळले.

"हा खरा खड्डा," म्हणाल्या. आणि स्क्रीनवर तो दाखवला, गालाकडे, सावलीपासून वेगळा, कडा स्पष्ट, छोट्या वाटीसारखा. सपाट फोटोत हाच स्क्रूच्या आड लपला होता. पण त्याच्या बाकीच्या भिंती शाबूत आहेत, तळ शाबूत आहे. विहिरीचं कसं, एका बाजूचे चिरे ढासळले तर विहीर बुजवत नाही कुणी, डागडुजी करतात. तसं. साफ करायचं, हाडाची पूड भरायची, टाके घालायचे. स्क्रू घट्ट आहे, तो राहणार.

मग त्यांनी आणखी एक दाखवलं. कॅपच्या खाली, खड्ड्याच्या तोंडाशी, एक पांढरा ठिपका, मोहरीएवढा. म्हणाल्या, "कॅप चिकटवताना सिमेंट वापरतात, त्यातला हा कण आत राहिलेला दिसतो. त्यानंच सूज आली असणार. कॅप मी बसवली होती, काकी. हे माझ्याकडून राहिलं."

आता सांगा, असं कोण बोलतं? तराजूचा काटा चुकला तर मी गिऱ्हाइकाला म्हणते, वाऱ्यानं हलला. हे नुसतं म्हणाले, "कण सापडलो ना? मग झाला."

तरी त्यांनी नुसत्या शब्दावर नाही सोडलं. आईचं ऐकलं होतं ना. हिरडी उघडून साफ केली तेव्हा आतला सुजलेला मांसाचा तुकडा तपासायला पाठवला. म्हणाल्या, मला तसं काही वाटत नाही, पण तुम्हाला झोप लागायला हवी. तो कणही निघाला, बशीत ठेवून दाखवला मला, एवढासा, वाळूच्या खड्यासारखा, ह्याच्यापायी मी मनात माझं बाराव्यापर्यंतचं सगळं उरकून घेतलं होतं! रिपोर्ट यायच्या दिवसांत टाके होते, बोलू नका जास्त म्हणून सांगितलेलं, मी बाजारात बसायचे आणि आकांक्षा माझ्या वतीनं ओरडायची. बिचारी, आवाज कसला तो, पापलेटसुद्धा जागं व्हायचं नाही. वन्स रोज यायच्या. आणि रिपोर्ट आला त्या दिवशी त्याच होत्या घरात. साधी सूज, दुसरं काही नाही. डॉक्टरबाईंनी फोनवर दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं. फोन ठेवला तर वन्स माझ्या आधी रडत होत्या. तळेऱ्याच्या मावशीचं नाव काढलं नाही, पोटाशी धरलं मला, आणि मग उठून तिसल्या, त्या शिंपल्या हो, धुवायला लागल्या.

परवा परत छोटा फोटो काढला. खड्ड्याच्या जागी पांढुरकं दिसायला लागलंय. पूर्ण भरायला वेळ लागेल म्हणतात, म्हणून अजून ह्या बाजूनं चावत नाही, तेच तुम्ही बघितलंत. दर सहा महिन्यांनी दाखवायचं, दोऱ्यानं साफ करायचं, पोरासारखी बडदास्त. बसवलेल्या दाताची! पण करते. रात्री झोप लागते हो, कुशीवर पडले की संपलं. सकाळी बाजारात माझा आवाज मलाच ऐकू येतो आणि बरं वाटतं. कधी कधी गिऱ्हाईक नसलं तरी एक हाक मारून बघते.

तर मला वाटलं, संपलं एकदाचं. काल रात्री जेवायला बसलो. बांगड्याचं तिखलं होतं. हे जेवता जेवता थांबले आणि गालाला हात लावला. मी बघितलं. म्हटलं, काय? तर, काय नाय. म्हटलं, काय ते सांगा. तेव्हा कुठं म्हणाले, "डावी दाढ. वर्स झाला दुखता." वर्ष! म्हटलं, वर्षभर दुखतेय आणि तोंडातून शब्द नाही? तर म्हणतात, "तुझा चल्ला होता. मधी खंय बोलू?"

आज सकाळी नेलं डॉक्टरबाईंकडे. त्यांनी छोटा फोटो काढला, बघितला, गप्प झाल्या, आणि म्हणाल्या, एकदा कुडाळला जाऊन या. येताना वाटेत हे मला सांगतात, तू चल माझ्या वांगडा, सोबतीक, काय होता ता डॉक्टराक तूच सांग, माका सांगूक येवचा नाय. म्हटलं, अहो, दाढ तुमची, कळ तुमची, ती कशी येते, कुठून निघते, कुठवर जाते, हे मी कसं सांगू? तुमचं दुखणंसुद्धा आता मीच दुखून दाखवू?

तर मान हलवली. हो म्हणून.